वाडीवर चहा मिळेल

आमच्या आताच्या दुबईतल्या घराच्या खिडकीतून लेक दिसतो. 'जुमेरा लेक टॉवर्स' असं नाव दिल्यावर लेक दाखवणं भागच होतं, म्हणून टॉवर्सच्या मधोमध खड्डे खणले आणि भरले. संध्याकाळी बायका त्याच्या कडेकडेनं चालतात, भारतातून पाहुणे आले की आपण त्यांना कठड्याशी उभं करून फोटो काढतो. मला या लेकचा काडीचा राग नाही. माणसांनी खणलेला आहे आणि तो तसा दिसतोही. निदान स्वतःला अल्पाइन तरी म्हणवून घेत नाही.

'अल्पाइन' हा शब्द आमच्या घरात शिवीसारखा वापरतात. भाजी बिघडली की अल्पाइन, पाहुणे उठायचं नाव घेईनात की अल्पाइन. हे कुठून आलं ते सांगते.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. आम्ही शारजात राहत होतो. हे एका काँट्रॅक्टिंग कंपनीत इस्टिमेटर, म्हणजे टेंडरं आली की भाव काढून द्यायचे. मी एका इंडियन स्कूलमध्ये गणित शिकवत होते. मुलगी दहावीला. ह्यांचा व्हिसा कंपनीवर, माझा आणि मुलीचा व्हिसा ह्यांच्यावर, आणि माझी शाळेतली नोकरी माझ्या व्हिसावर. जेवणाच्या पितळी डब्यासारखं सगळं एकावर एक रचलेलं. खालचा कप्पा निसटला की वरचे सगळे खाली.

आणि त्या वर्षी खालचा कप्पा हलायला लागला होता. कंपनीनं इस्टिमेशनची दोन खाती एक करायचं ठरवलं. दोन खात्यांत दोन सीनियर इस्टिमेटर होते, एकच राहणार होता. एक हे, आणि दुसरे नाशिकचे भाऊजी. भाऊजी म्हणजे ह्यांचे मित्र; दर गणपतीला आमच्याकडे जेवायला, दर दिवाळीला आम्ही त्यांच्याकडे. कोण राहणार हे ठरवणार होते नवे साहेब, जे पुण्याहून सहा-आठ महिन्यांपूर्वीच आले होते.

मला एकच काळजी होती. मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा. त्याआधी व्हिसा कॅन्सल झाला तर मुलीला मध्येच उचलून न्यायचं कुठे? दहावीच्या मध्यावर कोणती शाळा दारात उभं करते? मी शिक्षिका आहे, मला माहीत होतं. मुलगी मात्र सगळ्यात निवांत होती. "रिलॅक्स, आई," म्हणायची. आम्ही मराठीत बोलायचो आणि ती इंग्रजीत उत्तर द्यायची. पाणी मागितलं तरी 'शुअर' म्हणून आणून द्यायची.

तर हे साहेब. वागायला तसे वाईट नव्हते, पण डोक्यात डोंगर भरलेला. पुण्यातला प्रत्येक किल्ला आपण बूट न घालता चढलोय असं सांगायचे, आणि इथे आल्यावर कुठूनशी त्यांना ट्रेकिंगची परदेशी मासिकं मिळाली. त्या मासिकांत 'अल्पाइन लेक' म्हणून निळी निळी तळी, मागे बर्फाचे डोंगर, आणि तळ्याकाठी पाठीवर सॅक घेतलेला एक दाढीवाला. साहेबांना तो दाढीवाला व्हायचं होतं. ऑफिसात जेवायच्या सुट्टीत ते सगळ्यांना समजावून सांगायचे की खरा बॅकपॅकर पायवाटेनं जात नाही. पायवाट म्हणजे मेंढरांसाठी. खरा माणूस नकाशा घेतो, वाट सोडतो, आणि जिथे कुणी जात नाही अशा तळ्याशी जाऊन मुक्काम करतो. हे सगळं ऐकताना तिकडे कॅन्टीनमध्ये भाऊजी मान डोलवायचे आणि हेही डोलवायचे. कोण जास्त डोलवतो अशी चढाओढच होती.

वाळवंटात अल्पाइन लेक कुठून येणार, असं कुणाला तरी वाटायला हवं होतं. पण एका कन्सल्टंटच्या ऑफिसातल्या गोऱ्या इंजिनिअरनं साहेबांना सांगितलं की मसाफी गावाच्या पुढे हजर नावाच्या डोंगररांगेत, वर कुठेतरी, एक कुंड आहे आणि त्यात बारा महिने पाणी असतं. त्यानं नकाशाची झेरॉक्सही दिली. साहेबांनी जाहीर केलं, फॅमिलीसकट टीम बिल्डिंग. शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, चढायचं, तळ्याकाठी मुक्काम, शनिवारी ऑफिस. भाऊजींच्या बायकोची पाठ त्याच दिवशी धरली. ती माझ्यापेक्षा हुशार.

आता खरी गंमत. त्या नकाशावर इंग्रजीत जागोजागी लिहिलेलं, डब्ल्यू ए डी आय. वाडी अमुक, वाडी तमुक, आणि सगळ्यात वर आणखी एक वाडी. साहेबांनी तो कागद कॅन्टीनच्या टेबलावर पसरला आणि बोट ठेवत गेले. "ही पहिली वाडी, ही दुसरी, ही तिसरी. म्हणजे वस्ती आहे. काळजीचं कारण नाही. सावंतवाडी तशी ही वाडी. शब्द आपल्याकडूनच गेलाय, कोकणातून गलबतं यायची ना इकडे."

इथे जरा थांबते. आखातात वर्षभर राहिलेल्या माणसालाही कळतं की ती वाडी नव्हे, वादी. द दगडातला. वादी म्हणजे डोंगरातली कोरडी नदी. पाऊस पडला तर तासाभरात माणसं वाहून नेणारी, आणि एरवी नुसते गोटे. साहेबांना हे माहीत नव्हतं, ठीक आहे, नवे होते. पण हे दहा वर्षं इथे होते. भाऊजी बारा.

घरी येऊन ह्यांनी सगळं सांगितलं तेव्हा मी पोळ्या लाटत होते. लाटणं तसंच हातात.

"अहो, वादी म्हणजे कोरडी नदी, हे तुम्हाला माहीत नाही?"

"माहीत आहे ना."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगणार होतो. तेवढ्यात भाऊजी म्हणाले, सर, वाडी म्हटली की विहीर आलीच."

"मग तुम्ही?"

हे जरा घुटमळले. "मी म्हटलं, आमच्या आत्याच्या सासरी सात वाड्या आहेत."

मी पोळी तव्यावर टाकली आणि ती करपू दिली. काय बोलणार? नोकरी नावाचं भूत मानगुटीवर बसलं की शहाणासुरता माणूस कसा पाघळतो ते मी दहा वर्षं पाहत होते, पण हे म्हणजे कळसच झाला. एका अक्षरासाठी दोन इंजिनिअर गप्प. द म्हणायला जीभ रेटेना.

साहेबांचं नियोजन त्या वाड्यांवरच उभं होतं. मासिकात लिहिलं होतं की पाठीवर वजन जितकं कमी तितका बॅकपॅकर मोठा. म्हणून माणशी पाण्याची एकच बाटली. पहिल्या वाडीवर भरून घ्यायची, मग दुसऱ्या. खाणंही थोडंच, वाडीवर काहीबाही मिळेलच. दोर मात्र हवाच, म्हणून ह्यांना घेऊन साहेब खास रास अल खोरच्या बाजारात गेले आणि ट्रकवरचा माल बांधायचा जाडजूड दोर घेऊन आले. पाणी जड, दोर हलका, असा त्यांच्या हिशेबातला न्याय.

शुक्रवारी सकाळी दोन गाड्या जिथे डांबरी रस्ता संपतो तिथे लावल्या. ऑक्टोबर अखेर होता. पुण्यात या दिवसांत स्वेटर काढतात म्हणून साहेब लोकरीचं जाकीट घालून आले होते. उन्हानं गाडीच्या टपावर हात ठेववत नव्हता. डोंगर बोडके, तपकिरी, भाजलेले. साहेब म्हणाले, "ट्री लाइनच्या वर जायचंय आपल्याला. झाडं संपतात तिथे अल्पाइन झोन सुरू होतो." झाडं तर शारजा सोडलं तेव्हाच संपली होती.

मग त्यांनी डिकीतून एक हुकाचा काटा काढला आणि गाडीच्या उघड्या दाराला टांगला. प्रत्येकाची बॅग तोलायची. आधी स्वतःचा टूथब्रश दाखवला. दांडी करवतीनं कापलेली, नुसती डोक्याकडची बोटभर राहिलेली. वजन वाचवायला. भाऊजींनी तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "सर, ब्रिलियंट." हे म्हणाले, "मीही कापणारच होतो साहेब, घरी करवत नव्हती."

माझी पाळी आली. "वहिनी, बॅग प्लीज." काट्याला लावली, काटा खाली गेला. साहेबांनी माझ्या देखत माझी बॅग उपसली. पाण्याच्या तीन मोठ्या बाटल्या मी दशम्यांच्या खाली लपवून आणल्या होत्या, त्या निघाल्या. लिंबाच्या लोणच्याची बरणी निघाली. चहानं भरलेला थर्मास निघाला.

"वहिनी, वहिनी! थर्मास कशाला? वाडीवर चहा मिळेल."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे डोंगराकडे बघत होते.

"भाऊजी, तुम्ही तरी सांगा," मी म्हटलं. भाऊजी म्हणाले, "वहिनी, सरांचा अनुभव आहे."

मुलीच्या बॅगेत केमिस्ट्रीचं पुस्तक निघालं. सोमवारी तिची टेस्ट होती. साहेबांनी ते तळहातावर तोललं आणि अगदी मायेनं म्हणाले, "बेटा, जो धडा हवा तेवढा फाडून घे. खरे बॅकपॅकर्स तसंच करतात." मुलीनं पुस्तक त्यांच्या हातातून काढून घेतलं आणि माझ्या कानाशी म्हणाली, "आई, इज ही सीरियस?" मी म्हटलं, हळू बोल, त्यांना इंग्रजीही येतं. शेवटी पुस्तक, बाटल्या सगळं गाडीत राहिलं. साहेबांनी दुसऱ्या गाडीमागे जाऊन आपली सॅक भरली, बंद केली आणि पाठीला लावली. तिला काटा लागला नाही. लीडरची बॅग कोण तोलणार?

नदीच्या पात्राच्या कडेनं शेळ्यांची सरळसोट पायवाट वर जात होती. आम्ही ती सोडली. आम्ही ऑफ-ट्रेल. पात्रातून, एकेक गोटा म्हशीएवढा, वर हात टेकून चढायचं, पलीकडे घसरायचं. मध्ये मध्ये कण्हेरीची झुडपं, फुललेली. कण्हेर पाहून साहेबांना घरची आठवण झाली, पूजेला लागते म्हणाले. पायवाटेवरून चार शेळ्या आमच्या डोक्यावरून आरामात पुढे निघून गेल्या. त्यातल्या एकीनं थांबून आमच्याकडे खाली बघितलं.

पहिल्या वाडीची जागा आली. तिथे दगडांचं एक पडकं आवार होतं, शेळ्यांना कोंडण्यापुरतं. साहेब नकाशा धरून उभे राहिले. मग म्हणाले, "ही जुनी वाडी. उठून गेलेली दिसतेय."

"स्थलांतर, सर," भाऊजी म्हणाले.

"पाण्याच्या प्रश्नामुळेच असेल," हे म्हणाले. इतकं खरं बोलले आणि त्यांना ते कळलंही नाही.

तोवर बाटल्या अर्ध्याच्या खाली. दुसऱ्या वाडीवर एक गंजलेलं पिंप आडवं पडलं होतं. साहेबांनी ते बुटाच्या टोकानं हलवून बघितलं. आत वाळू. "मनुष्यवस्तीची खूण," साहेब म्हणाले. आता मात्र माझं डोकं फिरलं. मी स्पष्टच बोलले. "साहेब, ही वाडी नाही. वादी आहे. वादी म्हणजे हेच, आपण ज्यात उभे आहोत ते. कोरडी नदी. वर गाव नाही, विहीर नाही, चहा नाही. परत फिरूया."

साहेब हसले. "वहिनी, उच्चार काही असो, मूळ शब्द वाडीच." आणि ह्यांच्याकडे वळून, "काय? तुम्ही इथले जुने. काय म्हणता?"

झालं. सगळी परीक्षा त्या एका प्रश्नात. मला स्वच्छ दिसत होतं, ह्यांच्या एका डोळ्यापुढे मी, एका डोळ्यापुढे मार्च महिना. भाऊजी तोंड उघडून तयारच होते. हे म्हणाले, "साहेब, इतके वर आलोय तर... तळं बघून घेऊ." डोंबलाचं तळं! मी पुढे चालायला लागले, कारण उभी राहिले असते तर त्याच पिंपावर बसून मोठमोठ्यानं ओरडले असते.

वर जाता जाता मुलगी बोलायची बंद झाली. ही पोर झोपेतही बडबडणारी, म्हणून मला तेच आधी जाणवलं. चेहरा लालबुंद, आणि घाम नाही. माझ्या बाटलीतले शेवटचे दोन घोट तिला दिले. तिच्या बाबांनी आपली बाटली उलटी करून दाखवली, रिकामी. ते घाबरलेत हे मला दिसत होतं. पण पाय साहेबांच्या मागेच पडत होते.

आणि एका मोठ्या शिळेला वळसा घालून साहेब ओरडले, "मिळालं!"

आमच्या शारजाच्या फ्लॅटमधलं बाथरूम असेल, त्याहून थोडं मोठं. खडकाच्या पोटाशी साचलेलं हिरवं पाणी. वर शेवाळ, काठावर शेळ्यांच्या लेंड्या, आत बोटाएवढे मासे. त्या गोऱ्यानं खोटं सांगितलं नव्हतं, कुंडच होतं ते, आणि बारा महिने पाणीही असेल. तळं आम्ही मनानं लावलेलं.

साहेबांनी नकाशाची घडी घालून खिशात ठेवली. मला वाटलं, आता तरी माणूस खरं बोलेल. पण नाही. "ब्यूटिफुल," म्हणाले. मग सॅकमागे बांधलेला कॅमेऱ्याचा तिपाई स्टँड सोडवला. टूथब्रशची दांडी कापणारा माणूस लोखंडी स्टँड घेऊन आला होता. "अल्पाइन कॅरेक्टर आहे की नाही?"

"अगदी अल्पाइन, सर," भाऊजी म्हणाले. त्यांचा घसा कोरडा होता, पण शब्द स्वच्छ आला.

साहेबांनी ह्यांच्याकडे बघितलं. हे म्हणाले, "मासिकातल्यापेक्षा रंग जास्त हिरवा आहे साहेब."

मागे धप्प आवाज झाला. मुलगी खाली बसली होती. बसली म्हणजे कोसळलीच. "आई, आय कान्ट सी प्रॉपर्ली," म्हणाली आणि ओकली. पोटात पाणीच नव्हतं, नुसते उमासे.

मी तिला ओढत शिळेच्या सावलीत नेलं. ओढणी त्या हिरव्या पाण्यात बुचकळून तिच्या डोक्यावर ठेवली. ते पाणी पाजायची हिंमत होईना. आणि समोरच, सावलीला, साहेबांची सॅक पडली होती. चेन लावलेली, कडक, भरलेली. साहेब स्टँड लावण्यात गुंग. मी उठले आणि सरळ चेन ओढली.

आत दोन मोठ्या बाटल्या. तिसरी टॉवेलात गुंडाळलेली, फ्रीजरमधली, अजून मध्ये बर्फ असलेली. त्याखाली माझी लोणच्याची बरणी. आणि तिच्या शेजारी, आडवा, माझा थर्मास.

वाडीवर चहा होता तर. माझाच.

मी बर्फाची बाटली काढली आणि झाकण फिरवलं. तेवढ्यात ह्यांचा आवाज आला. हे शेजारीच गुडघ्यावर बसले होते, मुलीचा हात हातात धरून. हळू, कुजबुजल्यासारखे म्हणाले,

"अगं, साहेबांना विचार तरी."

मी जन्मात कुणावर इतकी संतापले नसेन. शरमही वाटली, आणि त्या दोन्हीच्या खाली, खरं सांगते, रडू आलं. पण हात चालत होते. मी पाणी तिच्या तोंडाला लावलं. घोट घोट पाजलं. मग लोणच्याचा खार झाकणभर पाण्यात कालवला आणि तोही पाजला. मीठ, लिंबू, साखर, सगळं त्यात होतंच. ती पीत होती आणि बाटलीच्या वरून तिच्या बाबांकडे बघत होती. तिनं ते वाक्य ऐकलं होतं. मराठी तिला बोलायला नको असायचं, कळायचं सगळं.

साहेब जवळ आले. "घ्या ना वहिनी, घ्या. रिझर्व्ह स्टॉक होता तो. रिझर्व्ह नेहमी लीडरकडे ठेवतात." थर्मासबद्दल ते काही बोलले नाहीत. मीच बोलले. "साहेब, चहा घेणार? वाडीवरचा आहे." भाऊजींना ठसका लागला. त्या दिवसात त्यांच्या तोंडून निघालेला तेवढाच एक खरा आवाज.

मुक्काम राहिला बाजूला, फोटो मात्र साहेबांनी काढून घेतलाच. मुलगी उभी राहण्याइतकी सावरली तसे आम्ही निघालो, शेळ्यांच्या पायवाटेनं. उतरायला काहीच वेळ लागला नाही. पुढे साहेब, हलकी झालेली सॅक घेऊन. मधे मी आणि मुलगी. मागे हे, एका खांद्यावर मुलीची बॅग, दुसऱ्या खांद्यावर साहेबांचा स्टँड. आणि भाऊजी तो ट्रकचा दोर घेऊन, जो कुणी एकदाही सोडला नव्हता. गाडीतल्या माझ्या तीन बाटल्यांतलं पाणी एव्हाना चहा टाकण्याइतकं तापलं होतं.

घरी गेल्यावर जे भांडण झालं ते लिहिण्यासारखं नाही. शेजारच्या मल्याळी बाई दुसऱ्या दिवशी काही न विचारता पायसम देऊन गेल्या, यावरून समजा. "पोरगी तुमची, आणि पाणी साहेबांना विचारून?" मी म्हटलं. हे म्हणाले, "तोंडातून निघून गेलं गं." हेच तर दुखत होतं. विचार करून बोलले असते तर एक वेळ समजले असते. पण ते आपोआप निघालं होतं, शिंक यावी तसं.

पुढच्याच आठवड्यात साहेबांनी ह्यांना केबिनमध्ये बोलावलं. हे घरी आले ते दारातच उभे राहिले, चपला काढायचं भान नाही. मला वाटलं, खलास. व्हिसा गेला, दहावी गेली.

"राहिली," हे म्हणाले. "नोकरी राहिली. भाऊजी जाणार."

मी देवाला हात जोडले. मग विचारलं, "काय म्हणाले?"

ह्यांनी सांगायला वेळ घेतला. साहेब म्हणाले होते, तुमच्या मिसेस जरा तापट आहेत, समजू शकतो, आई आहे. पण इतक्या गडबडीतसुद्धा आधी विचारायला हवं, हे तुमच्या लक्षात आलं, ऐकलं मी ते. मला अशी माणसं हवीत. भाऊजी चांगले आहेत, पण खोकून हसले ते मला दिसलं.

म्हणजे बघा. ज्या वाक्यासाठी मी ह्यांना आठवडाभर जेवायला हातानं वाढलं नव्हतं, त्या वाक्यानं आमची नोकरी वाचवली. घर त्यावर, माझी शाळा त्यावर, मुलीची दहावी त्यावर. भाऊजी महिन्याभरात सामान बांधून नाशिकला गेले. त्यांचा मुलगा आठवीत होता, त्याचं वर्ष मधेच तुटलं. त्यांच्या बायकोनं फोनवर माझ्याशी अगदी गोड बोलून घेतलं, आणि नंतर कधीच फोन केला नाही. बिचाऱ्यांचं 'अल्पाइन' ह्यांच्यापेक्षा कितीतरी स्पष्ट होतं. ऑफिसच्या रिसेप्शनमध्ये त्या डबक्याचा फोटो फ्रेम करून लागला, खाली टीम बिल्डिंग असं लिहून. फोटोत भाऊजी सगळ्यात मोठ्यानं हसताहेत. मुलगी आणि मी त्यात नाही.

मार्चमध्ये मुलगी बोर्डाला बसली, चांगल्या मार्कांनी पास झाली. पण डोंगरावरच्या त्या दिवसापासून घरात तिचं एक मराठी वाक्य सुरू झालं. एकच. बाकी सगळं इंग्रजीत. जेवताना बाबांनी मीठ मागितलं की ती मिठाचं भांडं हातात धरून म्हणायची, "साहेबांना विचार तरी." टीव्हीचा रिमोट मागितला, "साहेबांना विचार तरी." अगदी त्यांच्याच आवाजात, हळू, कुजबुजून. हे हसायचे. दर वेळी हसायचे, पण आधी एक क्षण गप्प व्हायचे आणि मग हसायचे. मी एकदा तिला म्हटलं, पुरे आता. ती म्हणाली, "इट्स जस्ट अ जोक, आई." जोक वगैरे काही नव्हता तो. आम्हा तिघांनाही ते माहीत होतं.

पुढे ती शिकली, शेख झायेद रोडवरच्या एका ऑफिसात लागली. आखातातच वाढलेली, तिला इथली नोकरी जड नव्हती. तिचाही एक साहेब होता. एका शुक्रवारी तिला सडकून ताप, दुपारी पडून होती, आणि त्याचा फोन आला. आम्ही दोघं हॉलमध्ये. आतून तिचा आवाज येत होता. "यस सर. नो नो, आय ॲम फाइन, सर. ऑफ कोर्स, सर. इन हाफ ॲन अवर, सर." मग ती बाहेर आली, केस विंचरत, डोळे तापानं लाल, आणि बूट शोधायला लागली.

मी तोंड उघडणार होते. हे माझ्याआधी उठले. स्वयंपाकघरात गेले. फ्रीजचं दार उघडल्याचा आवाज आला. बाहेर येऊन त्यांनी तिच्या बॅगेची चेन उघडली, थंड पाण्याची बाटली आत ठेवली, मग दुसरी ठेवली. बॅग चांगलीच जड झाली.

मुलगी एका पायात बूट घालून तशीच थांबली. तिनं बॅग हातात तोलून पाहिली. मग मराठीत म्हणाली, या वेळी नक्कल न करता,

"बाबा, साहेबांना विचारलंस?"

"नाही," हे म्हणाले. "नाही विचारलं."

तिनं पायातला बूट काढला आणि फोन उचलला.